धावते वर्णन : एका श्राव्य वाङ्मयाचा उदयास्त

वाङ्मयविषयक मासिकाने खेळांच्या भानगडीत पडू नये, असा आक्षेप आमच्यावर येईल हे आम्ही जाणून आहो. सामन्यांच्या वार्ता देण्यास दैनिक पत्रे समर्थ आहेत, आणि कोण जिंकले व कोण हरले हा प्रश्न येथे आम्हांस सोडवावयाचा नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय खेळ नसून खेळाचे वर्णन हा आहे. आणि वर्णन जेथे आले तेथे टीकाकाराचा अधिकार आलाच. कीर्तन, पोवाडा आणि भारूड ही मुखाने चालणारी व कानाने घ्यावयाची वाङ्मये आहेत, म्हणून कोणी त्यांस वाङ्मयाच्या दाराबाहेर उभे करीत नाही. त्याच जातीचा एक प्रकार रेडिओने विसाव्या शतकात मराठीस दिला. तो वाढला, दोन पिढ्यांनी तो जिवाचा कान करून ऐकला, आणि पुढे कोणाच्या फारसे ध्यानातही न येता तो मावळला. एखादी नाटकमंडळी मोडली तर तिच्यावर मृत्युलेख लिहिले जातात. धावत्या वर्णनाच्या वाट्यास तेही आले नाहीत. ही उणीव अंशतः भरून काढावी, आणि त्या कलेचे मर्म कोणते होते व ते कशाने हरपले ह्याचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. इंग्रजीतील 'रनिंग कॉमेंटरी' ह्या शब्दास मराठीत दोन प्रतिशब्द रूढ झाले. एक 'धावते वर्णन' आणि दुसरा 'धावते समालोचन'. लोक हे दोन्ही शब्द समानार्थक म्हणून वापरतात. पण वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. वर्णन म्हणजे जे घडत आहे ते न पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करणे. समालोचन म्हणजे जे दोघांसही दिसले त्याच्या गुणदोषांची चर्चा करणे. पहिल्यात ऐकणारा सर्वस्वी बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. दुसऱ्यात बोलणारा न बोलला तरी ऐकणाऱ्याचे फारसे अडत नाही. ह्या कलेचा सारा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा झाल्यास तो असा सांगता येईल, की वर्णन गेले आणि समालोचन उरले.

ह्या कलेचा आद्य पुरुष म्हणून आपल्याकडे संजयाचे नाव घेण्याची चाल आहे. अंध धृतराष्ट्रास त्याने रणभूमीवरील वृत्तान्त सांगितला, तेव्हा उपमा सहज सुचण्यासारखी आहे; पण ती तपासून घेतली पाहिजे. भीष्मपर्व लक्षपूर्वक वाचणारास दिसेल, की संजय प्रथम हस्तिनापुरास येतो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊन. दहा दिवसांचे युद्ध होऊन गेलेले आहे. त्यानंतर धृतराष्ट्र प्रश्न विचारतो आणि मग सारी कथा आरंभापासून सुरू होते. म्हणजे संजयाचे वर्णन धावते नव्हेच. शेवट काय झाला हे त्यास ठाऊक आहे, आणि धृतराष्ट्रासही ठाऊक आहे. रेडिओवरील वर्णनकाराची अवस्था ह्याच्या अगदी उलट असते. आपल्या वाक्याचा कर्ता उच्चारताना त्याचे क्रियापद कोणते येणार हे त्यास स्वतःस माहीत नसते. कादंबरीकार, कवी, नाटककार, फार काय, इतिहासकारसुद्धा शेवट हाती धरून आरंभ करतो. शेवट हाती नसताना बोलावयाचे, आणि तरी बोलणे तुटू द्यावयाचे नाही, हे ह्या एकाच वाङ्मयप्रकाराचे लक्षण आहे.

संजयाच्या कथेतील एक गोष्ट मात्र ह्या कलेस सर्वथा लागू पडते. आणि ती म्हणजे ऐकणाऱ्याचे आंधळेपण. इंग्लंडात १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकेनहॅमच्या मैदानावरून इंग्लंड व वेल्स ह्यांच्यामधील रग्बीच्या सामन्याचे वर्णन प्रथमच प्रक्षेपित झाले. ते वेकलम नावाच्या गृहस्थांनी केले. यंत्राच्या जाळीकडे तोंड करून कोणाशी बोलावे हे नवख्या वर्णनकारास कळेना, म्हणून योजकांनी एक अंध मनुष्य त्यांच्यासमोर आणून बसविला आणि सांगितले, की ह्यास सामना दिसेल असे बोला. ही युक्ती आम्हांस पुष्कळ ग्रंथांपेक्षा अधिक बोधप्रद वाटते. धावत्या वर्णनाचे संपूर्ण साहित्यशास्त्र तीत आले आहे.

त्याच १९२७ सालच्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस मुंबईचे रेडिओकेंद्र सुरू झाले. ज्या खाजगी कंपनीने ते काढले ती तीन वर्षांतच बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ साली त्या व्यवस्थेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. मध्यंतरी १९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत पारशी व मुसलमान ह्यांच्यामधील क्रिकेटच्या खेळाचे वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान ह्यांनी इंग्रजीतून केले, आणि हिंदुस्थानात ह्या कलेचा पाया घातला गेला. तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत. भोजनाची व चहाची सुटी सोडली तर दुसऱ्या कोणास ते ध्वनिवर्धकाजवळ येऊ देत नसत. आणि १९४८–४९ च्या सुमारास जेव्हा तीन वर्णनकारांनी आळीपाळीने बोलावे असे ठरले, तेव्हा त्यांनी ते काम सोडले. हा हट्ट अहंकाराचा होता हे खरेच. पण त्यात कलावंताची एक जाणीवही होती. एकाच्या डोळ्यांनी पाहिलेला दिवस आणि तिघांच्या डोळ्यांनी पाहिलेला दिवस हे दोन निराळे दिवस असतात.

ह्या सामन्यांबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९३७ पासून चौरंगीचे पंचरंगी झालेले हे सामने धर्मजातीवर उभारलेले होते. गांधीजींनी १९४० साली त्यांविरुद्ध मत दिले आणि १९४६ नंतर ते बंदच झाले. रेडिओने त्यांचा गाजावाजा वाढविला हे नाकारता येणार नाही. कला म्हणून एखादी गोष्ट मोठी असली, तरी ती कोणाच्या कामी येत आहे हे पाहणे टीकाकाराने सोडू नये. त्यांच्या जागी प्रांतांप्रांतांमधील रणजी करंडकाचे सामने पुढे आले, आणि येथूनच धावत्या वर्णनास खरा प्रादेशिक रंग चढण्याचा संभव उत्पन्न झाला. कारण प्रांत म्हटला की भाषा आली.

आमच्या वरोऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर महत्त्वाची तारीख १६ जुलै १९४८ ही आहे. त्या दिवशी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. वरोरा हे वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरील गाव. एकोणिसाव्या शतकात येथे सरकारी कोळशाची खाण निघाली आणि तिच्यासाठी आगगाडी येथवर आली. खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण आगगाडी राहिली. नागपूर येथून सुमारे शंभर किलोमीटर. सामना पाहावयास जाणे ही सामान्य कुटुंबास परवडणारी गोष्ट नव्हे. अशा गावांत रेडिओचे यंत्र असलेले घर म्हणजे मैदानाचे एक टोकच होय. प्रथम ते यंत्र वकिलाच्या किंवा दुकानदाराच्या ओसरीवर असे व त्याचा परवाना टपालकचेरीतून काढावा लागे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि तो शेताच्या बांधापर्यंत गेला. ज्या गावास मैदान दिसत नव्हते त्यासच वर्णनाची गरज होती. मुंबईच्या रसिकास रेडिओ ही चैन होती. वरोऱ्याच्या रसिकास तेच प्रवेशपत्र होते.

आकाशवाणीने कसोटी सामन्यांसाठी इंग्रजी व हिंदी ह्या भाषा आलटून पालटून चालविल्या. परंतु त्याचबरोबर काही ठिकाणी प्रांतभाषांसही वाव मिळाला. कलकत्त्यास अजय बसू, कमल भट्टाचार्य प्रभृतींनी बंगालीतून हे काम मोठ्या प्रतिष्ठेस नेले. मराठीत बाळ ज. पंडित ह्यांचे नाव ह्या कलेशी कायमचे जोडले गेले आहे. ते स्वतः रणजी सामने खेळलेले, आणि खेळावर मराठीतून विपुल ग्रंथरचना केलेले गृहस्थ. २०१५ साली ते निवर्तले. मैदानावरील अनुभव आणि भाषेवरील प्रेम ह्या दोहोंचा योग एका ठिकाणी क्वचितच होतो. मराठीच्या सुदैवाने तो आरंभीच झाला. छापील बाजूस वि. वि. करमरकर ह्यांच्यासारख्या क्रीडापत्रकारांनी हीच भाषा वृत्तपत्रांत रुळविली, आणि ऐकलेला शब्द दुसऱ्या दिवशी वाचावयास मिळू लागला.

ह्या भाषेकडे आता थोडे बारकाईने पाहू. कारण ह्या वाङ्मयाचे खरे धन तेथेच आहे. बॅट हाती धरणारा तो फलंदाज आणि चेंडू टाकणारा तो गोलंदाज. पैकी गोलंदाज हा शब्द मराठ्यांच्या तोफखान्यातला; तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. 'पायचीत' व 'यष्टिचीत' ह्यांतील 'चीत' आखाड्यातून आले. 'त्रिफळा उडाला' असे म्हटले, की तीन दांड्या मोडल्याचे चित्र उभे राहतेच, पण वैद्याच्या खलबत्त्याचीही आठवण होऊन ऐकणारा हसतो. 'डाव' पत्त्यांतून व सोंगट्यांतून परिचित. 'चौकार' आणि 'षटकार' मात्र व्याकरणाच्या तालमीत तयार झाल्यासारखे. आणि 'स्लिप', 'गली', 'पॉइंट' हे इंग्रजी शब्द जसेच्या तसे ठेवले गेले, हेही शहाणपणाचेच झाले. अशा रीतीने छावणी, आखाडा, वैद्यकी, घरची ओसरी आणि साहेबाचा जिमखाना ह्या पाच ठिकाणांहून शब्द गोळा होऊन एक परिभाषा बनली, आणि ती कोणत्याही समितीच्या ठरावाविना लोकांच्या तोंडी बसली. परिभाषा करणाऱ्या पंडितांनी ह्या उदाहरणाचा अभ्यास केल्यास त्यांचा पुष्कळ श्रम वाचेल.

ह्याहूनही सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. इंग्रजी वर्णनकारास 'त्याने सोडला' हे आधी सांगून मग 'झेल' म्हणावे लागते. परिणाम प्रथम कळतो आणि वस्तू मागाहून येते. मराठीत ह्याच्या उलट. उदाहरणादाखल आम्हीच एक वाक्य रचतो : 'चेंडू उंच, फार उंच, क्षेत्ररक्षक मागे मागे सरतो आहे, सूर्य डोळ्यांवर, हात पुढे, आणि झेल — सुटला.' ह्या वाक्याचा सारा प्राण शेवटच्या तीन अक्षरांत आहे. 'झेल' आणि 'सुटला' ह्यांमधील जो अर्धा क्षण, तोच मैदानावर चेंडू आणि हात ह्यांमधील अर्धा क्षण. भाषेची ठेवण आणि घटनेची ठेवण येथे एकरूप होतात. तसेच काळाचे. चेंडू हातून सुटेपर्यंत 'येत आहे', 'वळतो आहे' असा वर्तमान; आणि निकाल लागताच 'झाला', 'गेला', 'चुकला' असा भूतकाळ. वर्तमानाचे भूतकाळात रूपांतर होताना कानाने ऐकणे हा आनंद दुसऱ्या कोणत्या मराठी वाङ्मयात आहे, हे आम्हांस सांगता येत नाही.

ह्यावरून आमच्या वाचकांनी असे समजू नये, की जुने ते सर्व सोने होते. ह्या वर्णनांत दोषही होते. पाहुण्या पुढाऱ्याचे आगमन, मंडपाची शोभा आणि आकाशातील ढग ह्यांत वर्णनकार रमून जाई आणि तोवर गडी बाद होऊन जाई. धावफलक सांगण्याचे विस्मरण हा तर सार्वत्रिक दोष; मध्येच रेडिओ लावणाऱ्या मनुष्यास किती धावा व किती गडी एवढेच हवे असते, आणि तेच त्यास मिळत नसे. काहींनी संस्कृत शब्दांचा असा सडा घालावा, की खेळपट्टी दिसेनाशी व्हावी. आणि सर्वांत मोठा दोष हा, की ही कला क्रिकेटच्याच पदरास बांधली गेली. कबड्डी व खो-खो हे ज्या प्रदेशाचे घरचे खेळ, त्यास त्या खेळांची तितकीच समर्थ, तितकीच रुळलेली वर्णनभाषा मिळाली नाही. मुलींच्या सामन्यांची तर गोष्टच नको. महाविद्यालयांमहाविद्यालयांतील चुरस ही तरुणांस सर्वांत जवळची. पण तिला धावत्या वर्णनाचा आवाज नियमाने कधी लाभलाच नाही.

महाविद्यालयीन खेळांचे प्रादेशिक प्रक्षेपण जेथे खरोखर फळास आले अशा एका दूरच्या प्रांताची हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. कारण आपल्याकडे जे अस्पष्टपणे घडले ते तेथे लख्ख दिसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानच्या विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ १९५७ साली एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम सामन्यास पोचला, आणि कॅन्सस विद्यापीठाविरुद्ध तीन वेळा वाढवून दिलेल्या वेळेनंतर ५४ विरुद्ध ५३ अशा एका गुणाने जिंकला. सामना दूर कॅन्सस शहरी होता. सी. डी. चेस्ली नावाच्या एका उद्योगी गृहस्थाने त्याचे चित्र नॉर्थ कॅरोलायनातील थोड्या दूरचित्रवाणी केंद्रांवर दाखविण्याची व्यवस्था केली. लोकांनी रात्र जागून तो पाहिला. त्यातून एक पद्धत जन्मास आली. एका निर्मात्याने प्रदेशातील महाविद्यालयांचे सामने घ्यावे, एखाद्या विमाकंपनीने खर्च सोसावा, आणि निरनिराळ्या मालकीच्या स्थानिक केंद्रांनी तेच चित्र वाटून घेऊन फुकट दाखवावे. पाहणाऱ्यांस वर्णनकारांचे आवाज घरच्या माणसांसारखे ओळखू येत. ही पद्धत सहा दशके टिकली. १९७९ साली केवळ खेळांस वाहिलेली एक राष्ट्रीय वाहिनी निघाली. तिने हळूहळू सर्व हक्क विकत घेतले, आणि २०१९ च्या ऑगस्टात त्या विद्यापीठसंघाची स्वतंत्र सशुल्क वाहिनी सुरू होताच जुने प्रादेशिक प्रक्षेपण संपले. सामने पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठांस पैसाही अधिक मिळाला. पण जे प्रदेशाचे होते ते प्रदेशास आता विकत घ्यावे लागले.

आपल्याकडील अस्ताची कारणे ह्याच साच्यातली आहेत, आणि ती आमच्या मते तीन आहेत. पहिले कारण चित्र. १९८२ च्या आशियाई सामन्यांनंतर दूरचित्रवाणी वेगाने पसरली, आणि १९८३ च्या विश्वचषकाने ती क्रिकेटमय केली. जेथे चित्र आले तेथे वर्णनाची गरज संपली आणि समालोचनाची सुरू झाली. वर्णनकाराची खुर्ची निवृत्त खेळाडूस मिळाली; कारण आता 'काय घडले' हे सांगावयाचे नसून 'का घडले' हे सांगावयाचे होते. दुसरे कारण हक्क. एके काळी सामना दाखविण्यासाठी दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडून पैसे मागत असे. १९९३ पासून हे पारडे फिरले आणि प्रक्षेपणाचा हक्क हीच सर्वांत मोठी मिळकत झाली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय दिला. तत्त्व उदात्त होते. पण मक्तेदारी मोडल्यावर लाभ झाला तो मोठ्या धनिकांस, लहान गावांस नव्हे. तिसरे कारण घरचेच. आकाशवाणीने आपल्या ह्या ठेव्याची किंमत ओळखली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये क्रिकेट मंडळाशी दोन वर्षांचा करार होऊन देशी सामन्यांचेही वर्णन पुन्हा सुरू करण्याचे ठरले. परंतु मधल्या काळात ऐकणाऱ्यांची सवय मोडली होती, आणि शिष्यांची परंपराही तुटली होती.

ह्याची हळहळ आम्हांस सर्वांत अधिक केव्हा वाटली ते सांगतो. विदर्भाचा संघ १९५७–५८ पासून रणजी सामन्यांत खेळत आला. साठ वर्षे तो हरत राहिला, किंवा हरला नाही तरी कोणाच्या गणतीत आला नाही. ती साठ वर्षे म्हणजे धावत्या वर्णनाचीच भरभराटीची व उतरतीची वर्षे. आणि जेव्हा फैज फजलच्या नेतृत्वाखाली त्या संघाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या मैदानावर दिल्लीचा पराभव करून करंडक जिंकला, जेव्हा अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने लागोपाठ तीन गडी बाद केले, तेव्हा ते दृश्य आम्हां सर्वांस पडद्यावर दिसले; पण वऱ्हाडी वळणाच्या मराठीत गदगदून बोलणारा, आणि गदगदला तरी धावफलक न चुकणारा असा एकही आवाज आमच्या कानी आला नाही. पुढच्याच वर्षी नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने सौराष्ट्रास हरविले, आणि २०२५ साली केरळाविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक घेतला. आनंद झाला, परंतु तो मुका आनंद होता. ज्या पिढीने पराभव मराठीत ऐकले तिला विजय मराठीत ऐकावयास मिळू नयेत, ही आमची तक्रार आहे.

आता कोणी म्हणेल, की मराठी तर परत आली आहे. ही गोष्ट खरी. २०२३ च्या आयपीएल स्पर्धेत जिओसिनेमाने बारा भाषांतून समालोचन दिले आणि त्यांत मराठी होती. पूर्वी खेळलेले मराठी खेळाडू तीत उत्साहाने बोलले. हे स्वागतार्ह आहे, आणि त्या मंडळींच्या कष्टांस आम्ही नाव ठेवीत नाही. परंतु टीकाकाराने भेद दाखविलाच पाहिजे. हे बोलणे बहुधा मैदानावरून नव्हे, तर मुंबईतील बंद खोलीत पडदा पाहून होते. बोलणाऱ्यास जे दिसते तेच आणि तेवढेच ऐकणाऱ्यासही दिसते. छायाचित्रकाराने न दाखविलेले काही सांगण्याची त्यास सोय नाही. म्हणून तो विनोद करतो, म्हणी पेरतो, गावरान शब्दांची आतषबाजी करतो. भाषेचा उपयोग येथे डोळ्यांऐवजी नसून मसाल्याऐवजी आहे. भाषा परतली, पण मैदान परतले नाही. आणि खेळणारे संघ तर आपल्या प्रांताचे राहिलेच नाहीत.

प्रादेशिक म्हणून जे जे असते ते कालौघात मरणारच, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही. कारण त्याचे खंडन आमच्याच जिल्ह्यात उभे आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या भागांत झाडीपट्टी रंगभूमी आजही चालू आहे. धानाची कापणी झाली की गावोगाव मंडप पडतात, वडशाकडील मंडळ्या बोलावल्या जातात, आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकास सारे गाव तिकीट काढून बसते. चित्रपट आले, दूरचित्रवाणी आली, हातोहाती फोन आले. नाटक गेले नाही. ह्याचे कारण आम्हांस असे दिसते, की त्या नाटकाचे हक्क कोणी बाहेरचा विकत घेऊ शकला नाही. मंडप गावाचा, बोलावणे गावाचे, तिकिटाचा पैसा गावचा. कला स्थानिक असल्याने मरत नाही. तिची सूत्रे दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे मरते. धावत्या वर्णनाची सूत्रे प्रथम सरकारच्या व मग व्यापाऱ्याच्या हाती होती. ऐकणाऱ्याच्या हाती ती कधीच नव्हती.

मग आता काय करावे? आमची सूचना लहान आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले, आणि चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. त्यांच्या मैदानांवर कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, सर्व काही खेळले जाते. त्या सामन्यांचे हक्क विकत घेण्यास कोणी येणार नाही. तेव्हा ते अजून आपलेच आहेत. वर्णन दूरवर पोचविण्यास एके काळी सरकारी मनोरा लागे. आज एक भ्रमणध्वनी पुरतो. उणीव यंत्राची नाही, वाणीची आहे. मराठीच्या अध्यापकांनी निबंधाबरोबर धावत्या वर्णनाचाही सराव विद्यार्थ्यांकडून करून घेतला, तर कबड्डीस जी भाषा क्रिकेटप्रमाणे मिळावयास हवी होती ती उशिरा का होईना मिळेल. चढाई करणाऱ्याचा दम, मध्यरेषा आणि पकड ह्यांत झेल आणि चौकार ह्यांहून कमी नाट्य नाही. आणि क्रियापद तेथेही शेवटीच येणार आहे.

आणि ह्या सरावाची परीक्षा कोणी घ्यावी? वरोऱ्यास लागून बाबा आमटे ह्यांचे आनंदवन आहे. तेथे अंध मुलांची शाळा आहे. आज अशा मुलापुढे क्रिकेटचा सामना लावला, तर त्याच्या कानी काय पडते? टाळ्या, आरडाओरड, दोन विद्वानांची चर्चा, आणि 'पाहा, पाहा, काय फटका आहे!' असा उद्गार. फटका कोठे गेला, कोणी अडविला, किती धावा झाल्या, हे कोणी सांगत नाही. कारण ते दिसतेच आहे असे बोलणारा धरून चालतो. ज्या कलेने आरंभी आंधळ्या माणसास समोर बसवून घेतले, तिच्या वंशजांनी त्यासच मैदानाबाहेर काढले. डोळस वाचकांनीही एकदा डोळे मिटून आजचे समालोचन ऐकून पाहावे; जे काही हरवले आहे ते तत्काळ कळून येईल.

तेव्हा आम्ही कसोटी सांगतो ती एवढीच. महाविद्यालयाच्या मैदानावर जो कोणी तरुण उद्या ध्वनिवर्धक हाती घेईल, त्याने आपल्यासमोर अशा एका मुलास बसवावे आणि त्याच्याशी बोलावे. सामना संपल्यावर त्याने जर विचारले, की शेवटच्या चढाईच्या वेळी डावीकडचा गडी इतका मागे का उभा होता, तर समजावे की वर्णन साधले. कारण ज्यास मैदान दिसले नाही त्यास असा प्रश्न सुचत नाही.